एका प्रश्नाची वीज

(वीज आपण रोज वापरतो, पण कोणत्या कामाला किती वीज लागते याचा हिशेब क्वचितच करतो. चॅटबॉटला विचारलेल्या एका प्रश्नाला किती वीज लागते आणि तेवढ्या विजेत घरातले कोणते काम होते, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्या घरी कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये चॅटबॉट असेलच. चॅटबॉट म्हणजे आपल्या प्रश्नाला आपल्याच भाषेत उत्तर देणारा संगणकाचा प्रोग्रॅम. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी नावाचा चॅटबॉट सर्वांसाठी खुला झाला. पुढे त्यासारखे आणखी काही आले. गणित अडले, उर्दू वाक्याचे मराठी करायचे असले, की मुले त्याला विचारू लागली. मोठी माणसेही मागे नाहीत. अब्बांना सोसायटीला अर्ज द्यायचा असतो, आपाला मुलाखतीची तयारी करायची असते.

त्याबरोबर एक बोलणेही कानावर येऊ लागले. "एक प्रश्न विचारला की बाटलीभर पाणी आणि ढीगभर वीज जाते," असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "छे! काहीच लागत नाही. मोबाइलची बॅटरी तर आहे तेवढीच राहते." दोघेही अगदी ठामपणे बोलतात आणि दोघांच्याही हाती आकडा नसतो. विजेच्या बाबतीत असे अंदाजाने भांडण्याचे कारण नाही. वीज मोजता येते. आपण मोजूनच पाहू.

मोजायचे म्हणजे माप हवे. दूध लिटरने मोजतात, कापड मीटरने मोजतात, तशी वीज युनिटने मोजतात. तुमच्या इमारतीच्या जिन्याखाली मीटरांची रांग असते. त्यांतला तुमच्या घराचा मीटर शोधा. त्यावरचा आकडा म्हणजे आजवर वापरलेले युनिट. महिन्याच्या आरंभीचा आकडा शेवटच्या आकड्यातून वजा केला की महिन्याचा वापर निघतो. तोच बिलावर छापलेला असतो. कळवा, मुंब्रा आणि शिळ या भागांत १ मार्च २०२० पासून महावितरणच्या वतीने टोरेंट पॉवर ही कंपनी हे काम पाहते.

१,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. इस्त्री साधारण १,००० वॅटची असते. ती तासभर सतत तापत राहिली तर एक युनिट. पण एका प्रश्नाची वीज मोजायला युनिट हे फार मोठे माप आहे. जिरे मोजायला कोणी क्विंटलचा काटा आणत नाही. म्हणून आपण युनिटचा हजारावा भाग घेऊ. त्याला वॅट-तास म्हणतात. १,००० वॅट-तास म्हणजे एक युनिट.

येथे वॅट आणि वॅट-तास यांत गोंधळ करू नका. पुष्कळ मोठी माणसेही तो करतात. नळाची धार किती जोराची आहे ते वॅट, आणि बादलीत पाणी किती जमले ते वॅट-तास. २,००० वॅटचा गिझर ही मोठी धार आहे, पण तो दहा मिनिटेच चालतो. ७५ वॅटचा पंखा ही बारीक धार आहे, पण ती रात्रभर वाहते. महिन्याच्या शेवटी कोणाची बादली जास्त भरली, हे धारेकडे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी हिशेब करावा लागतो. (हिशेब हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तुमचा 'हिसाब' तोच मराठीत 'हिशेब' झाला. 'जमा' आणि 'खर्च' हे शब्दही दोन्ही भाषांचे आहेत. पैशाच्या गोष्टी बोलताना या दोन भाषा एकमेकींच्या फार जवळ येतात.)

आता प्रश्नाकडे वळू. तुम्ही मोबाइलवर प्रश्न लिहिता, पण उत्तर मोबाइलमध्ये तयार होत नाही. प्रश्न तारांवाटे दूरच्या एका इमारतीत जातो. तिला डेटा सेंटर म्हणतात. तेथे हजारो संगणक फडताळांत रचलेले असतात आणि रात्रंदिवस चालू असतात. त्यांतल्या काही संगणकांवर तुमच्या प्रश्नाचे उत्तर एकेक शब्द करून तयार होते आणि परत तुमच्याकडे येते. म्हणूनच तुमच्या मोबाइलची बॅटरी फारशी उतरत नाही. जी वीज लागते ती त्या इमारतीत लागते. दुसऱ्या माणसाचे म्हणणे येथे चुकते.

त्या इमारतीत एका प्रश्नाला किती वीज लागते? २०२३ साली ॲलेक्स डी व्रीज या डच संशोधकाने एक लेख लिहिला. त्यात चॅटजीपीटीच्या एका प्रश्नाला सुमारे ३ वॅट-तास लागतात असा अंदाज दिला होता. हा आकडा जगभर फिरला आणि अजूनही फिरतो. तो बाहेरून केलेला अंदाज होता, कारण कंपन्या तेव्हा काही सांगत नव्हत्या. जून २०२५ मध्ये चॅटजीपीटी तयार करणाऱ्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी सरासरी ०.३४ वॅट-तास असा आकडा दिला. पण तो कसा काढला ते सांगितले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने आपल्या जेमिनी या चॅटबॉटचा आकडा पद्धतीसह प्रसिद्ध केला. लेखी प्रश्नाला ०.२४ वॅट-तास. हा मधल्या प्रश्नाचा आकडा आहे. म्हणजे सगळे प्रश्न विजेच्या क्रमाने उभे केले, तर बरोबर मध्ये उभ्या असलेल्या प्रश्नाला एवढी वीज लागली. निम्म्या प्रश्नांना याहून कमी लागते, निम्म्यांना जास्त. यात संगणक थंड ठेवण्याची वीज आणि वापराची वाट पाहत चालू असलेल्या संगणकांची वीजही धरली आहे. तुमच्या मोबाइलची वीज मात्र धरलेली नाही.

३ कोठे आणि ०.२४ कोठे! हे पाहून आकड्यांवरचा विश्वास उडवू नका. दोन वर्षांत संगणक सुधारले, प्रोग्रॅम सुधारले, आणि मोजण्याची रीतही बदलली. गूगलच्याच सांगण्याप्रमाणे त्याच्या प्रश्नाची वीज एका वर्षात ३३ पटींनी कमी झाली. म्हणून विजेचा आकडा ऐकला की तो कोणत्या वर्षाचा आणि कोणी दिलेला, हे आधी विचारावे. कंपनीने स्वतःबद्दल दिलेला आकडा थोडा सावधपणेच घ्यावा. पण दुसरा चांगला आकडा मिळेपर्यंत हिशेबाला तो चालतो.

आता ०.२४ वॅट-तास घरात आणून ठेवू.

जुना छताचा पंखा ७५ वॅटचा असतो. ०.२४ वॅट-तासांत तो साडेअकरा सेकंद फिरतो. तुम्ही बटण दाबून पंख्याने पुरता वेग घेतला नाही, तोच एक प्रश्न संपला. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्या विजेत दीड मिनिटाहून थोडा अधिक जळतो. इस्त्रीला तर ती एक सेकंदही पुरत नाही. मोबाइलची बॅटरी रिकामी होऊन पूर्ण भरायला सुमारे २० वॅट-तास लागतात. म्हणजे एकदा मोबाइल चार्ज केला की ८० हून अधिक प्रश्नांची वीज खर्च झाली.

खरी मजा पाणी तापवण्यात आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॅट-तास लागतात. हा निसर्गाचा नियम आहे. यात कोणतीही कंपनी सुधारणा करू शकत नाही. हिवाळ्यात आंघोळीला १५ लिटरची बादली घ्या. नळाचे पाणी २७ अंशांचे आहे, ते ४२ अंशांपर्यंत न्यायचे आहे. १५ लिटर गुणिले १५ अंश गुणिले १.१६, म्हणजे २६१ वॅट-तास. याला ०.२४ ने भागा. एका बादलीत हजाराहून अधिक प्रश्न बुडाले! ज्याने सकाळी दोन बादल्या गरम पाणी घेतले आणि नंतर धाकट्या भावाला "प्रश्न विचारून वीज वाया घालवू नकोस" असे सांगितले, त्याने आधी स्वतःची बादली पाहावी.

एक कप चहा घ्या. १५० मिलिलिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला साधारण १३ वॅट-तासांएवढी उष्णता लागते. ती पन्नासेक प्रश्नांएवढी झाली. शिवाय गॅसच्या शेगडीची बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते, तेव्हा खरा खर्च याहून मोठाच.

शाळेतलाच एक हिशेब करा. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होतो आणि चार पंखे तसेच फिरत राहतात. अर्धा तास, चार पंखे, प्रत्येकी ७५ वॅट. १५० वॅट-तास झाले. सहाशेहून अधिक प्रश्नांची वीज रिकाम्या बाकांना वारा घालण्यात गेली. आणि जो विद्यार्थी मोबाइलऐवजी टेबलावरच्या संगणकावर दहा मिनिटे बसून दहा प्रश्न विचारतो, त्याची गंमत वेगळीच. समजा, पडद्यासह तो संगणक १२० वॅटचा आहे. दहा मिनिटांत तो २० वॅट-तास घेतो. दहा प्रश्नांना लागतात २.४. दूरच्या इमारतीपेक्षा समोरच्या डब्यानेच आठपट वीज घेतली.

पाण्याबद्दलही थोडे सांगून टाकू. संगणक तापतात आणि त्यांना थंड करायला पाणी लागते, हे खरे. बाटलीची गोष्ट २०२३ साली अमेरिकेतील संशोधकांच्या एका लेखातून पसरली. पण त्यांनी अर्धा लिटर पाणी २० ते ५० प्रश्नोत्तरांना मिळून सांगितले होते. सांगता सांगता ते एका प्रश्नाचे झाले. गूगलने २०२५ मध्ये एका प्रश्नाला ०.२६ मिलिलिटर, म्हणजे पाचेक थेंब, असा आकडा दिला आहे.

मग पहिल्या माणसाचे म्हणणे सगळेच खोटे का? नाही. येथे घाई करू नका.

०.२४ हा साध्या लेखी प्रश्नाचा आकडा आहे. मोठा ग्रंथ वाचायला देऊन त्यावर खूप विचार करायला सांगितला, तर अनेक पट वीज लागते. चित्रे काढायला सांगितली तर हिशेब वेगळा. आणि चलचित्र करून मागितले, तर तो प्रश्नच राहत नाही. २०२५ साली अमेरिकेतील एका तंत्रज्ञानविषयक मासिकाने संशोधकांच्या मदतीने एका प्रोग्रॅमची वीज मोजली. पाच सेकंदांच्या एका चलचित्राला ३४ लाख ज्यूल लागले. ३६ लाख ज्यूल म्हणजे एक युनिट. पाच सेकंदांची गंमत आणि जवळजवळ एक युनिट! त्यात आंघोळीच्या साडेतीन बादल्या तापल्या असत्या. कोणी नाचणाऱ्या मांजराचे चलचित्र करून दहा नातेवाइकांना पाठवले, तर त्याला वीज वाया घालवू नकोस असे म्हणायला माझी हरकत नाही.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. चॅटबॉटला उत्तर देता यावे म्हणून त्याच्याकडून आधी अफाट मजकुराचा सराव करून घेतात. जीपीटी-३ या जुन्या प्रोग्रॅमच्या सरावाला सुमारे १२ लाख ८७ हजार युनिट लागले असावेत, असा हिशेब संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला. रोज पाच युनिट वापरणारी सुमारे ७०० घरे त्यावर वर्षभर चालतील. हा खर्च एकदाच होतो. पण एका प्रोग्रॅमनंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा, असे चालूच असते. ०.२४ मध्ये हा खर्च आलेला नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. मराठीत 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतात. उर्दूत कतऱ्या-कतऱ्याने दर्या बनतो. जुलै २०२५ मध्ये चॅटजीपीटीला जगभरातून रोज २५० कोटी प्रश्न येत होते. प्रत्येकाला ०.३४ वॅट-तास धरा. रोजचे साडेआठ लाख युनिट होतात. रोज पाच युनिटवाली १ लाख ७० हजार घरे त्यावर चालतील. आणि हा एकच चॅटबॉट झाला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सर्व डेटा सेंटरांनी मिळून २०२४ मध्ये ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगातल्या एकूण विजेच्या ती सुमारे दीड टक्का होती. त्यात चॅटबॉटांबरोबर बँका, चित्रपट, ई-मेल, सगळेच आले. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल असे त्या संस्थेला वाटते, आणि वाढीचे मुख्य कारण कृत्रिम बुद्धिमत्ता हेच सांगितले आहे.

दीड टक्का म्हणजे थोडेच, असे वाटेल. जगाच्या हिशेबात ते थोडेच आहे. पण वीज जगाच्या हिशेबात वापरली जात नाही, ती एका जागी वापरली जाते. ही गोष्ट कळव्याच्या मुलांना दुसऱ्या कोणापेक्षा चांगली समजायला हवी. कशी ते पाहा.

वीज कोयनेच्या पाण्यावर किंवा चंद्रपूरच्या कोळशावर तयार होते. तेथून ती उंच मनोऱ्यांवरच्या जाड तारांतून ४ लाख व्होल्टच्या दाबाने येते. ती जेथे उतरते, अशा मोठ्या उपकेंद्रांपैकी एकाचे नाव आहे कळवा. नाव कळव्याचे असले, तरी ते ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीजवळ आहे. तेथेच राज्य भार प्रेषण केंद्रही आहे. 'भार प्रेषण' हे शब्द जड आहेत, काम मात्र सोपे सांगता येते. वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. बॅटऱ्यांत किंवा धरणाच्या पाण्याच्या रूपाने थोडीफार साठवता येते, एवढेच. म्हणून ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी जवळजवळ तेवढीच निर्मिती असावी लागते. मागणी वाढली की तारांतल्या विजेची कंपने ५० हर्ट्झच्या खाली उतरू लागतात. मागणी घटली की वर चढतात. भार प्रेषण केंद्रातली माणसे रात्रंदिवस हा तोल सांभाळतात. कोणते वीजघर वाढवायचे, कोणते थांबवायचे, हे तेथून सांगितले जाते.

घरांचा भार भरती-ओहोटीसारखा असतो. सकाळी गिझर आणि मिक्सर, दुपारी पंखे, संध्याकाळी दिवे आणि टीव्ही. रमजानमध्ये कळवा-मुंब्र्यात सहरीसाठी उत्तररात्रीच खिडक्या उजळतात. एप्रिल-मे महिन्यांत एसी लागले की भार वर जातो. डेटा सेंटरला अशी भरती-ओहोटी फारशी नाही. पहाटे तीन वाजता, तुमच्या घरी फक्त पंखा आणि फ्रिज चालू असतो, तेव्हाही तेथे जवळजवळ तेवढीच वीज ओढली जाते. आणि अशी डेटा सेंटरे दूर परदेशातच आहेत असे समजू नका. कळव्याहून बेलापूरकडे निघालात की ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा लागतो. पूर्वी तेथे रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने गाजत होते. त्याच पट्ट्यात आता डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. बाहेरून ती खिडक्या नसलेल्या मोठ्या गोदामांसारखी दिसतात.

समजा, अशी एक इमारत सतत १० मेगावॅट वीज घेते. (याहून कितीतरी मोठ्याही असतात.) दिवसाचे २ लाख ४० हजार युनिट झाले. पाच युनिटवाली ४८ हजार घरे एका भिंतीआड आली. ४८ हजार घरे पसरलेली असती, तर त्यांना वेगवेगळ्या तारांनी वीज पोचली असती. येथे सगळी एका दारातून आत जाते. त्यासाठी नवे रोहित्र लागते, नव्या तारा लागतात, कधी नवे उपकेंद्रही लागते. युनिट तयार करण्याइतकेच ते आणून पोचवणेही अवघड असते.

ते किती अवघड आहे, हे १२ ऑक्टोबर २०२० रोजी दिसले. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज एकाएकी गेली. लोकल गाड्या होत्या तेथेच थांबल्या. कोरोनाच्या साथीचे दिवस होते. रुग्णालयांना जनित्रांवर काम चालवावे लागले. शाळांचे वर्ग मोबाइलवर भरत होते, तेही बंद पडले. राज्यात वीज कमी होती म्हणून हे झाले नाही. कळवा-पडघा या ४ लाख व्होल्टच्या यंत्रणेत एका मार्गाची दुरुस्ती चालू होती, त्याचा भार दुसऱ्या मार्गावर होता आणि त्या दुसऱ्या मार्गात बिघाड झाला, असे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितले. लोकल गाड्या सुरू व्हायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. सगळीकडे वीज यायला त्याहून जास्त. त्या दिवशी डेटा सेंटरांचा काही दोष नव्हता. पण वीज पुरेशी असूनही ती आणणारी वाट अपुरी पडली, तर काय होते, ते या भागातल्या घराघराने पाहिले. अशा वेळी डेटा सेंटरजवळ बॅटऱ्या असतात, डिझेलची जनित्रे असतात. चाळीतल्या चौथ्या मजल्यावर, जेथे पंप बंद पडला की पाणी चढत नाही, तेथे मेणबत्तीच असते.

म्हणजे दोन हिशेब झाले. एका मुलाचा हिशेब केला, तर साधा प्रश्न पंख्याच्या साडेअकरा सेकंदांत बसतो. उपकेंद्राचा हिशेब केला, तर कोट्यवधी प्रश्न एका इमारतीत गोळा होतात आणि तारा जड होतात. दोन्ही खरे आहेत. गफलत होते ती एका हिशेबातला दोष दुसऱ्याच्या माथी मारल्याने. इयत्ता आठवीतल्या मुलाने अभ्यासाचे चार प्रश्न न विचारल्याने ऐरोलीचे उपकेंद्र हलके होणार नाही. तो मुलगा आणि त्याचे घर ज्या विजेला जबाबदार आहे, ती वीज त्याच्या डोक्यावर फिरते आहे.

तिचाच हिशेब करून टाकू, कारण यात खरे पैसे आहेत. ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी ३० वॅटचा नव्या पद्धतीचा पंखा लावला, तर ताशी ४५ वॅट-तास वाचतात. रोज बारा तास पंखा चालला तर ५४० वॅट-तास. महिन्याला १६ युनिट. घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर असतो आणि त्यापुढच्या युनिटांना बराच वाढीव दर लागतो. जे घर महिन्याला ११५ युनिट वापरते, ते एका पंख्याच्या बदलाने १०० च्या आत येते. प्रश्नांच्या भाषेत सांगायचे तर एका दिवसाला २,२५० प्रश्न. एवढे प्रश्न विचारायला बसलात, तर जेवायलाही उठता येणार नाही.

उपकेंद्राचा हिशेब मात्र पंखा बदलून सुटत नाही. नव्या तारांचा आणि रोहित्रांचा खर्च शेवटी विजेच्या दरातून वसूल होतो. तुमच्या घराचे बिल उघडून पाहा. त्यात 'वहन आकार' अशी एक ओळ असते. वीज तुमच्यापर्यंत वाहून आणण्याचे ते पैसे आहेत. एका मोठ्या ग्राहकासाठी नवी वाट बांधली, तर तिचा किती भार त्याने उचलायचा आणि किती सर्वांनी, हा न्यायाचा प्रश्न आहे. माझ्या मते ज्याच्यासाठी वाट बांधली, त्याने तिचा मोठा वाटा उचलावा. आणि आपण किती वीज घेतो हे त्याने लपवू नये. तुमच्या घराचा मीटर जिन्याखाली सर्वांसमोर असतो. चॅटबॉटच्या कंपन्यांनी आपला आकडा सांगायलाच अडीच-तीन वर्षे घेतली.

महाराष्ट्रात विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. दर बदलण्यापूर्वी आयोग जाहीर सूचना देतो, लोकांच्या हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. हरकत नोंदवायला मोठा उद्योगपती असावे लागत नाही. साधा घरगुती ग्राहकही लेखी हरकत पाठवू शकतो. ती मराठीत लिहिली तरी चालते.

शब्दार्थ

फडताळ – भिंतीतले किंवा भिंतीलगतचे कपाट
रोहित्र – विजेचा दाब कमी-जास्त करणारे यंत्र, ट्रान्सफॉर्मर
जनित्र – वीज तयार करणारे यंत्र, जनरेटर
गफलत – चूक, घोटाळा
हरकत – आक्षेप

स्वाध्याय

१. वॅट आणि वॅट-तास यांतील फरक नळ आणि बादली यांच्या उदाहरणाने तुमच्या शब्दांत सांगा.

२. लेखकाने ३ वॅट-तास आणि ०.२४ वॅट-तास असे दोन आकडे का दिले आहेत?

३. तुमच्या घरातील टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स न वापरताही १० वॅट वीज घेतो आणि दिवसातून १८ तास तसाच चालू राहतो, असे समजा. त्या विजेत किती लेखी प्रश्नांची उत्तरे मिळतील?

४. 'एका भिंतीआड ४८ हजार घरे' असे लेखकाने का म्हटले आहे?

५. हिशेब, जमा, खर्च यांसारखे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द लिहा.

६. सात दिवस रोज एकाच वेळी घरच्या मीटरवरील आकडा वहीत लिहा. कोणत्या दिवशी वापर सर्वांत जास्त झाला आणि का, ते घरातल्या मोठ्यांना विचारून पाच-सहा ओळींत लिहा.